तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवी-आठवीच्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

सर्वांत आधी थर्माकोलचा ज्वालामुखी आणि बाजारातलं तयार मॉडेल बाजूला ठेवा. परीक्षकांनी ते शंभरदा पाहिलेलं असतं.

मुलांना घरातला एखादा प्रश्न शोधायला लावा. आमच्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, माठाला ओलं फडकं गुंडाळलं तर पाणी जास्त गार होतं का?" एकाच मापाचे दोन माठ, दोन्हींत सारखंच पाणी, एकाला ओलं फडकं, दुसरा तसाच. दोन्ही एकाच सावलीत. दर तासाला थर्मामीटर बुडवून आकडा वहीत. पावसाळी दिवशी फरक जेमतेम पडला, तेव्हा ती रडवेली झाली. खरी गंमत तिथेच होती: हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं. तो "फसलेला" दिवस तक्त्यात तसाच ठेवला आणि परीक्षकांनी नेमकं त्यावरच विचारलं.

वही मुलाच्याच अक्षरात हवी, खाडाखोडीसकट. पालकांनी सुबक लिहून दिलेली वही लगेच ओळखू येते.

बोलण्याचा सराव दुसऱ्या वर्गातल्या मुलांसमोर घ्या, ती भलतेच प्रश्न विचारतात. पाठ केलेलं भाषण मात्र नको, मध्येच अडवलं की गाडी रुळावरून घसरते.

कल्पना खरोखर नवी असेल तर इन्स्पायर मानकलाही (शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) पाठवा. निवड झाली तर १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधीच उघडून ठेवा. आमची ऐनवेळी धावपळ झाली होती.