अकाउंट्समधून यूएक्सकडे: पहिला केस स्टडी तुमच्या टेबलावरच आहे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात अकाउंट्स बघता, यूएक्समध्ये (अ‍ॅप किंवा सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सोपं जावं असं डिझाइन) जायचं म्हणून फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) शिकलात, दोन प्रसिद्ध अ‍ॅप्सचं रीडिझाइन करून पोर्टफोलिओत टाकलंत, तरी कुठून बोलावणं येत नाही. आता कर्ज काढून पुण्यातला कोर्स करू का, असा तुमचा प्रश्न आहे.

कर्ज काढू नका. मी नाशिकमध्ये राहून पुण्याच्या कंपनीसाठी डिझाइन करतो आणि भरतीसाठी येणारे पोर्टफोलिओ बघतो. फूड डिलिव्हरीचं नवं रूप त्यात ढिगाने असतं. तुमचं काम वाईट आहे असं नाही, पण ते अ‍ॅप तसं का आहे हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे बदल रंगापुरते राहतात आणि 'हे असं का केलंत?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

तुमच्याकडे उत्तरं आहेत, फक्त ती पोर्टफोलिओत नाहीत. परचेस बिल आलं की काय होतं ते आठवा. स्टोअरचे काका चलनावर पेनाने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर टाकतात, माल कमी आला असेल तर आकड्याला गोल करतात. बिल मात्र पूर्ण मालाचं. मग पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि बिल जुळवत बसायचं, पार्टीचे, म्हणजे माल पुरवणाऱ्याचे, फोन घ्यायचे. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायच्या पेमेंटची मुदत: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत चुकली तर आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) ती रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. २०२३-२४ पासून हे लागू आहे. आणि हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही.

आता सांगा, थांबलेल्या बिलांच्या यादीत कोणती तारीख सगळ्यात ठळक हवी? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बिलाची असते. तुम्ही उरलेले दिवस दाखवाल, शेजारी अडकण्याचं कारण आणि ते कोणाकडे अडकलंय ते दाखवाल. हा निर्णय का घेतला हे तुम्ही मुलाखतीत अर्धा तास बोलू शकता. यूएक्सची नोकरी मिळते ती याच बोलण्यावर.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. टॅलीत परचेसला एफ९, पेमेंटला एफ५, हे तुमच्या बोटांना पाठ आहे. दिवसभर एन्ट्री करणाऱ्याच्या हातात माउस दिला की त्याचा वेग जातो. नवखे डिझायनर हे हमखास विसरतात, तुम्ही विसरणार नाही.

थांबलेल्या बिलांची हीच यादी तुमचा पहिला केस स्टडी, म्हणजे एक अडचण कशी सोडवली त्याची गोष्ट. आधी कागदावर चार स्क्रीन काढा. त्या काकांसमोर ठेवा, 'या पार्टीचं बिल का थांबलंय ते शोधा' म्हणा आणि गप्प बसा. मदत अजिबात नको. बोट कुठे जातं, कुठे घुटमळतं, तेवढं टिपा. पाच जणांकडून तपासून घेतलं तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं यूएक्स तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं. पण ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे. स्टोअरवाले आणि अकाउंट्सवाले वेगळे, म्हणून दोन्हीकडचे काही जण घ्या. मग कागदावरचं फिग्मात न्या. त्याची फुकटची आवृत्ती पुरते. लेबलं मराठीत ठेवणार असाल तर बटणांची उंची तपासा, इंग्रजीच्या मापात रफार आणि उकार कापले जातात.

केस स्टडीत फसलेली स्क्रीनही ठेवा आणि ती का बदलली ते लिहा. कंपनीचं नाव, पार्ट्यांची नावं, रकमा मात्र सगळं बदला. खऱ्या बिलाचा स्क्रीनशॉट टाकलात तर मी तरी तुम्हाला घेणार नाही, कारण उद्या आमचाही टाकाल.

नाशिकबद्दल स्पष्ट सांगतो. इथे निव्वळ यूएक्सच्या जागा थोड्या आहेत. छोट्या कंपन्यांना स्क्रीन काढणारा आणि जमलं तर एचटीएमएलही करणारा माणूस हवा असतो. त्यातली एखादी पहिली नोकरी म्हणून घ्यायला हरकत नाही. पण मुख्य अर्ज पुण्या-मुंबईच्या ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), बिलिंग आणि कर्जवाटपाच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे करा. बायोडेटात अकाउंट्सचा अनुभव शेवटी ढकललाय तो वर आणा. आणि ऑफर लेटर हातात येईपर्यंत अंबडची नोकरी सोडू नका. पगारासाठी तर नकोच, पण तुमचा अभ्यासाचा सगळा माल रोज त्याच ऑफिसात येतोय म्हणूनही नको.