डेटा पुसला की उष्णता का निघते?

प्रश्न: कॉम्प्युटरमधली माहिती पुसली की उष्णता निघते असं वाचलं, खरंय का? आणि क्वांटममध्ये उलटंही होतं म्हणे?

उत्तर: खरंय, आणि मला हा फिजिक्समधला सगळ्यात सुंदर मुद्दा वाटतो. १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडावर यांनी दाखवलं की बिट कायमचा पुसायचा, म्हणजे आधी ० होता की १ हे कळायला काहीच मागे ठेवायचं नाही, तर थोडी तरी उष्णता बाहेर टाकावीच लागते, कारण बिटची एन्ट्रॉपी (म्हणजे अनिश्चिततेचं माप) कमी झाली की आजूबाजूची वाढायलाच हवी. रूम टेंपरेचरला ही किमान उष्णता साधारण ३ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल, इतकी बारीक की लॅपटॉप तापतो तो हिच्यामुळे नाहीच! २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात लेझरने पकडलेल्या एका सूक्ष्म कणावर हे तपासलं गेलं.

आता क्वांटम. तुमच्याकडची मेमरी पुसायच्या क्यूबिटशी (म्हणजे क्वांटम बिटशी) एन्टँगल्ड, म्हणजे क्वांटम पद्धतीने घट्ट जोडलेली असेल तर तुमच्या दृष्टीने त्याची एन्ट्रॉपी चक्क निगेटिव्ह असू शकते, आणि मग पुसताना ऊर्जा खर्च व्हायच्या ऐवजी थोडं काम मिळवता येतं, हे २०११ मध्ये थिअरीतून दाखवलंय. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम (एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही) मोडत नाही बरं का, कारण त्यात एन्टँगलमेंट, म्हणजे ती जोडणीच, खर्च होते.