सहावा मणका आणि आम्लपित्त

प्रश्न : सध्या मुलीकडे न्यू जर्सीत आहे. नातवाला उचलताना पाठ धरली, म्हणून तिने कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्याकडे) नेलं. त्याने तक्ता दाखवला : 'पाठीचा सहावा मणका सरकलाय, म्हणून आम्लपित्त होतं.' कडकड वाजवून पाठ मोकळी झाली, पित्त तसंच. दुखण्यावर रोज दोनदा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेते. आता चोवीस बैठकांचं पॅकेज सांगितलंय. घेऊ का? वय ६३. — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नका घेऊ. पाठ मोकळी झाली, हे मला पटतं. माझी आजी उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला जायची आणि हसत परतायची. पण तो पायाळू तिच्या पित्ताबद्दल चकार शब्द काढत नसे.

तो तक्ता ज्या विचारातून आला तो जुना आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. (कानाची नस पाठीतून जातच नाही, पण असो.) पुढे मणक्यामणक्याला अवयव वाटले गेले, सहाव्याच्या वाट्याला जठर आलं.

अगदीच थाप नाही ती. पाचव्या ते नवव्या मणक्यांच्या आसपास निघणाऱ्या नसा जठराकडे जातात खऱ्या. पण आम्ल पाझरवणारी मुख्य नस, व्हेगस, कवटीतून थेट खाली उतरते. मानेत मज्जारज्जू तुटलेल्यांचंही जठर अन्न पचवतं. मणका सरकल्याने रोग होतात याला संशोधनाचा आधार नाही, असं ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये जाहीर केलंय.

उलटं मात्र घडतं. पित्ताशयातल्या खड्यांची कळ उजव्या फऱ्याखाली उमटते. तेलकट खाल्ल्यावर तिथे दुखत असेल तर सोनोग्राफी करा. पाठीतल्या कळेसोबत घाम सुटला, दम लागला, तर मुलीला लगेच ९११ फिरवायला सांगा. शिवाय या वयात हाडं ठिसूळ असू शकतात. हाडांची घनता तपासल्याशिवाय पाठीला पुन्हा झटका देऊ देऊ नका.

तुमच्या पाठीचा आणि पित्ताचा संबंध मला दिसतो तो त्या आयब्युप्रोफेनमध्ये. ती जठराचं अस्तर खाते. डॉक्टरांना विचारून ती बंद करा, पाठ शेका आणि दोन आठवड्यांनी पित्त कसं आहे ते कळवा. शौचाला काळी होत असेल, तर मात्र दोन आठवडे थांबू नका.