चौराह्यावर गाड्या मोजणारा मुलगा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगा अकरावीत, ७४ टक्के, जेईईचा क्लास चालू, आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी इंदूरच्या पलासिया चौराह्यावर उभा राहून बाइक किती, ई-रिक्षा किती, बस किती ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहितो. मार्कांचं नंतर बघू. त्याच्या बाबांनी ती वही कपाटात बंद करून ठेवली आणि पाहुण्यांसमोर "ट्रॅफिक हवालदार व्हायचंय का" असं विचारलं, ते वाचून फार वाईट वाटलं. तेव्हापासून पोरगा घरात बोलत नाही हे तुम्हीच लिहिलंय आणि विचारताय काय, तर कॉम्प्युटर सायन्स कुठे मिळेल! ताई, या वयातल्या मुलाची चारचौघांत अशी थट्टा करायची नसते, हे बाबांना तुम्हीच सांगा, आजच सांगा, माझ्या पत्राने ते ऐकणार नाहीत.

आणि "हे सगळं गूगल मॅप करतंच की" हा त्यांचा समज साफ चुकीचा आहे. मॅप सांगतो आत्ता जाम कुठे आहे. पण उद्या एबी रोडवरचा एखादा राइट टर्न बंद केला किंवा फ्लायओव्हर बांधला तर संध्याकाळी सातची गर्दी कुठे सरकेल, ते आधी कॉम्प्युटरवर रहदारीचं गणिती मॉडेल चालवून बघावं लागतं. बीआरटीएसवरून, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या लेनवरून, आपल्या इंदूरात किती वर्षं भांडणं झाली ते तुम्ही बघितलंच आहे. अमेरिकेत ग्रीनशील्ड्स नावाच्या इंजिनिअरने १९३५ मध्येच रस्त्याचे फोटो काढून मांडलं होतं की गर्दी वाढते तसा वेग पडतो, आणि एका हद्दीपुढे जास्त गाड्या घुसल्या की पार होणाऱ्या गाड्या उलट कमी होतात. १९६८ मध्ये ब्राएस या जर्मन गणितज्ञाने तर दाखवलं की नवीन रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, कारण जो तो आपल्यापुरता जवळचा रस्ता धरतो. हे हवालदाराचं काम नाही हो, हे गणित आहे, आणि चांगलंच अवघड.

या कामात शिरायचे मार्ग नेहमीचेच, सिव्हिल इंजिनिअरिंग करून गेटची परीक्षा देऊन ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक, नाहीतर भोपाळच्या एसपीएमधून (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) बीप्लॅन, म्हणजे नियोजनाची पदवी. ७४ टक्के काही वाईट नाहीत, पण कॅल्क्युलस आणि प्रॉबॅबिलिटी कच्चं ठेवून चालणार नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा. रहदारीचं मॉडेल चालवायचं सुमो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, रविवारी दोन तास लॅपटॉप द्या, पलासियाचा नकाशा त्यात घालून बघू दे. वळणाऱ्या गाड्या आणि सिग्नलचे सेकंद वेगळे लिही म्हणावं, नाहीतर नुसत्या मोजणीतून मॉडेल होत नाही.

कॉम्प्युटर सायन्समधूनही या कामात येता येतं, पण तसं यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.