आयात शुल्काशिवाय सोयाबीनचा शेतकरी टिकेल का?

परदेशी खाद्यतेलावर शुल्क लावल्याशिवाय आपला सोयाबीन पिकवणारा शेतकरी टिकेल का, असे आपण विचारले आहे. इंदुरात छावणी मंडीतील एका अडतीवर मी बरीच वर्षे हिशेब लिहितो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की हे शुल्क शेतकऱ्याच्या नावाने लागते, पण त्याच्या हाती फारसे काही पडत नाही.

नवा माल मंडीत येण्याच्या तोंडावर, 14 सप्टेंबर 2024 पासून, केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केले. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येत असल्यामुळे ही वाढ किराणा दुकानातील डब्यावर उतरली. तो डबा शेतकरीही विकत घेतो. सोयाबीनला मात्र हमीभाव 4,892 रुपये असताना मंडीत त्याहून कमीच भाव मिळत राहिला. याचे कारण दाण्यातच आहे. एका क्विंटलमधून तेल सुमारे 18 किलो निघते आणि पेंड 80 किलोच्या आसपास. पशुखाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या या पेंडीला इथेनॉल कारखान्यांतून निघणाऱ्या धान्याच्या स्वस्त चोथ्याशी स्पर्धा करावी लागते, आणि तेलावरील शुल्क तिथे काहीच करू शकत नाही.

मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क 16.5 टक्क्यांवर आणले, रिफाइंडवरील 35.75 टक्के तसेच ठेवले. हा फरक तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना आडोसा देतो, शेतकऱ्याला नव्हे. दरम्यान, जिथे सोयाबीन फारसे पिकत नाही त्या नेपाळमधून शुल्कमुक्त रिफाइंड तेल येऊ लागलेच.

पुढे 2025 च्या हंगामात मध्य प्रदेश सरकारने हमीभाव व बाजारभाव यांतील फरक भावांतर योजनेतून देण्याचे ठरवले. ते पैसे शेतकऱ्याला मिळाले याचे मला दुःख नाही. परंतु ज्या घराने तेलासाठी जास्त मोजले, त्याच घराच्या करातून ही रक्कमही गेली, हे सांगितलेच पाहिजे.

याउलट, ज्याला सरकारी तिजोरीतून पैसा लागत नव्हता, तो सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढील महिन्यांच्या मालाचा भाव आजच ठरवणारा बाजार, डिसेंबर 2021 मध्ये बंद करण्यात आला. त्या वायद्याचे मुख्य केंद्र इंदूरच होते, आणि जूनमध्ये पेरणीला निघालेला शेतकरी अडतीवर येऊन दिवाळीच्या सुमारास काय भाव राहील हे त्या वायद्यावरून आम्हाला विचारून जात असे.