जीडीपीचा आकडा, मंदी आणि थकलेला हप्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तिमाहीचा जीडीपी, म्हणजे तीन महिन्यांत देशात झालेल्या एकूण उत्पादनाचा आकडा, आला की दोन दिवसांत माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात, निम्मे तर कुठल्यातरी फॉरवर्डवरून जसेच्या तसे उचललेले. बँकेच्या कर्ज विभागात २२ वर्षं काढलीत, त्या अनुभवावरून जमेल तसं एकेक घेते.

२०२४-२५ ला देश साडेसहा टक्क्यांनी वाढला म्हणतात, मग मंदी मंदी काय चाललंय?

मंदी नव्हती, त्या वर्षी वेग कमी झाला. मंदी म्हणजे उत्पादनच घटणं, ते आपल्याकडे कोविडच्या २०२०-२१ मध्ये झालं आणि त्याआधी अख्खं वर्ष घटलं होतं ते १९७९-८० ला, दुष्काळ आणि तेलाची भाववाढ एकदमच आली तेव्हा.

आकडा नंतर बदलतात, म्हणजे आधीचा खोटा होता ना?

नाही. पहिला आकडा दोन महिन्यांत काढतात, तेव्हा सगळी माहिती हातात नसते. जुलै-सप्टेंबर २०२४ ची वाढ आधी ५.४ आली, मग ५.६ झाली. २०२३-२४ ची ८.२ ची पुढे ९.२ झाली. छोट्या वर्कशॉपांचा बराचसा भाग अंदाजानेच धरावा लागतो, ही मात्र खरी अडचण आहे. त्यामुळे तुमच्या गल्लीतला धंदा थंड असेल आणि आकडा चांगला असेल तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आपण जगात चौथ्या-पाचव्या नंबरवर आलो, मग माझा पगार का वाढत नाही?

कारण तो नंबर सगळ्या देशाच्या बेरजेचा आहे. भागिले १४० कोटी करा, वर्षाला माणशी पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास येतात, पहिल्या दहा अर्थव्यवस्थांमध्ये सगळ्यात कमी.

मी शेतकरी. वाढ होते ती आमच्यापर्यंत का येत नाही?

देशातले साधारण ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे थोडं उत्पन्न खूप जणांत वाटलं जातं. कारखान्यांत पुरेसं काम तयार झालं असतं तर माणसं तिकडे गेली असती, ते झालं नाही आणि कोविडमध्ये तर उलट माणसं गावी परत आली. माझ्या मते वाढीच्या दरापेक्षा ह्याची चर्चा जास्त व्हायला हवी.

रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारीत साडेसहावरून उतरायला लागला, जूनला साडेपाच झाला. माझा होमलोनचा हप्ता तेवढाच कसा?

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर. बँकेचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं, कर्ज १ ऑक्टोबर २०१९ नंतरचं असेल तर ते बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रेपोलाच, जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी बदलायलाच हवं. बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, म्हणून स्टेटमेंट बघा. जुनं कर्ज असेल तर रेपोबरोबर आपोआप उतरत नाही, अर्ज करून बदलून घ्यावं लागतं, थोडी फी पडते. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नियम वेगळे. कागद घेऊन शाखेत जा, फोनवर विचारू नका.

भोसरीत माझं छोटं सीएनसी जॉबवर्क आहे. सहा महिन्यांपासून ऑर्डर अर्ध्यावर, पार्टी १२० दिवसांनी पैसे देते. दोन हप्ते थकलेत. ॲपवरून कर्ज काढून भरू का? दिवाळीनंतर मार्केट उठेल म्हणतात.

नका काढू. आणि कोण म्हणतं उठेल? आकडा दोन महिने उशिरा येतो, पण तुमच्या ऑर्डर बुकने तुम्हाला सहा महिने आधी सांगितलंय. २०१९ ला गाड्यांचा खप पडला तेव्हा पिंपरी-चिंचवड पट्ट्यातली कितीतरी माणसं माझ्या टेबलासमोर बसली, सगळे हेच म्हणायचे, दिवाळी जाऊ द्या मॅडम, आणि पुढच्या मार्चला लॉकडाऊन लागला. जे दुसरा हप्ता चुकल्यावर आले त्यांचे हप्ते नव्याने बसवता आले, जे पाचव्या महिन्यात आले त्यांच्यासाठी फार काही करता आलं नाही, ते अजून मनाला लागतं. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत होऊ घातलेलं, धरलं जातं, मग व्यवस्थापकाचेही हात बांधले जातात. तुमचे दोन हप्ते गेलेत म्हणजे दिवस मोजूनच राहिलेत. लघुउद्योगांची अडचणीतली खाती वेळेत सावरायची चौकट रिझर्व्ह बँकेने २०१६ पासून घालून दिलीय, २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना, आणि त्यासाठी उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. ह्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पार्टीचं बघा. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च त्यांना आयकरात दाखवता येत नाही, एप्रिल २०२३ पासूनच्या खर्चाला हे लागू आहे, पत्रात एवढं लिहिलं तरी पुष्कळदा चेक निघतो. ऑर्डर जाईल ही भीती मला कळते, म्हणून आधी सीएला आणि वकिलाला दाखवा, मग पाठवा. नोंदणी नसेल तर करून घ्या, ती सरकारी साइटवर फुकट आहे, दोन-तीन हजार मागणारी साइट सरकारी नाही. मागच्या बिलांना ती लागू पडेल का हे वकीलच सांगेल.

ॲपवाल्याकडे आधीच गेला असाल तर कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) कोण ते नाव बघा, नाव नसेल तर पुढे जाऊ नका. पैसे थेट तिच्याकडून तुमच्या खात्यात यायला हवेत आणि वार्षिक एकूण दर लिहिलेला कागद आधी मिळायला हवा.

टेलिग्रामवर सांगतात मंदीत हे पाच शेअर घ्या. घेऊ?

नको. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदणी असलेल्याकडे जा, नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासून.

पतसंस्थेत एफडी आहे, दीड टक्का जास्त मिळतो. मंदीत सुरक्षित ना? विमा आहे म्हणतात.

पाच लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. पावती घेऊन एखाद्या सीएकडे जा, संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागवा, आणि मुदत संपायची वाट बघू नका.