लाल चिनी फुलदाणीच्या काठाचा रंग उडालाय, परत रंगवून घ्यावी का? आणि ती किती जुनी असेल?

कृपा करून रंगवू नका. तुम्ही लिहिलंय, आजोबांनी मुंबईत एका पारशी कुटुंबाकडून घेतलेली ही फुलदाणी अंगाने गर्द लाल आहे, पण तोंडाचा काठ पांढरा पडलाय, म्हणून कारागीर शोधताय. फोटो मोठा करून तीनदा पाहिला. तो काठ भट्टीतून बाहेर आला तेव्हापासूनच पांढरा असणार.

मी मातीकाम करते आणि गॅसच्या भट्टीत हाच लाल काढायच्या मागे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा रंग वरून दिलेला नसतो. झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, चिमूटभर तांबं असतं, शेकडा एकाहूनही कमी. भट्टी १३०० अंशांच्या आसपास असताना हवा कोंडायची. ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडला की ती तांब्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि लाल उमटतो. हवा जास्त शिरली तर तेच तांबं हिरवं होतं.

त्या आचेला झिलई काकवीसारखी वाहते. काठावर पातळ थर उरतो, त्यातलं तांबं उडून जातं, म्हणून काठ पांढरा. तांबं खरंच उडतं! माझ्या एका भट्टीत लाल भांड्याशेजारी साधा पांढरा वाडगा होता. त्या भांड्याकडच्या बाजूने तो गुलाबी होऊन निघाला, पलीकडून दुधासारखा पांढरा. तो वाडगा मी अजून जपून ठेवलाय.

चीनमधल्या जिंगदेजेनच्या कुंभारांना हा लाल शुआनदे बादशहाच्या काळात (१४२६–३५) उत्तम साधला होता. पुढे ते कसब जवळजवळ बुडालं आणि खांगशी बादशहाच्या काळात (१६६२–१७२२) पुन्हा हाती आलं. लांग तिंगजी १७०५ ते १७१२ जियांगशी प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या नावावरून या भांड्यांना ‘लांगयाओ’ म्हणतात. एवढी वाहती झिलई त्या कुंभारांनी पायाच्या कडेशी अचूक थांबवली, याचं मला अजून नवल वाटतं.

वयासाठी म्हणूनच बूड बघा. लाल रंग खाली दाट, काळपट होत जाऊन कडेवर स्वच्छ थांबलाय का? की झिलई खाली ओघळली आणि मग चाकावर घासून काढलीय? नखाने चाचपून पाहा, घासलेली जागा खरखरीत लागते. तशी असेल तर बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. बुडावर निळी चिनी अक्षरं असली तरी हुरळून जाऊ नका, खांगशी काळातल्या लांगयाओवर सहसा शिक्का नसतो. नुसत्या फोटोवरून नक्की साल मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. जुन्या कामाकडे नजर बसायला ती जरूर बघून या.

तोवर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. ओल्या मऊ फडक्याने पुसा, पाणी भरून ठेवू नका. आणि बुडाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. गादीवर आडवी ठेवून काढा, आणि उचलताना मानेला धरू नका, एक हात बुडाखाली असू द्या.